आबेदा बागवानचा टरफलांचा डबा

आबेदा बागवान चिडली, ही घोरपडे पेठेत बातमी होत नाही. ती दोन दिवस चिडली नाही, तर मात्र लोक अल्ताफला रस्त्यात थांबवून विचारतात, "अम्मींची तब्येत बरी आहे ना?" अल्ताफ म्हणजे तिचा मुलगा, बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कामाला. तो सांगतो, "बरी आहे, सकाळपासून तिघांना झापलंय." मग विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

हा राग तिला मंडईने दिला. नवरा शमशुद्दीन तिथे आलं, लिंबू, मिरची विकायचा. तो गेल्यावर आबेदाने अकरा वर्षं त्याच गाळ्यावर बसून घर चालवलं. लिंबू दाबदाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला ती विचारायची, "नाडी लागली का?" फुकटची कोथिंबीर मागणाऱ्याला म्हणायची, "बी देते, घरी पेरा." पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि गाळा सुटला. राग मात्र ती घरी घेऊन आली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी एवढ्या रागाला काहीतरी काम हवं होतं, ते कोंबड्यांनी दिलं.

घराच्या मागे चार पावलांचं परसू आहे. तिथे सात कोंबड्या. परसाच्या दारावर तिने अल्ताफकडून पाटी लिहून घेतली आहे : 'कोंबड्यांना शिळी पोळी घालू नये. त्या आपल्यापेक्षा बरं जेवतात.' आणि ते खरंच आहे. भरडलेली बाजरी, मंडईतून येणारी पालकाची देठं, अधूनमधून सुकट. आणि या सगळ्यापासून वेगळ्या मातीच्या परळात टरफलांचा भरडा.

या परळावर तिची फार भिस्त. अंड्याचं कवच म्हणजे चुना, आणि तो कोंबडीच्या पोटात आभाळातून पडत नाही, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असते. खाण्यातून मिळाला तर ठीक. नाही मिळाला, तरी कोंबडी अंडं द्यायचं थांबवत नाही, ती स्वतःच्या हाडांतून चुना काढून अंड्याला लावते. आधी कवच पातळ होतं, मग अंडं नुसत्या पापुद्र्यात येतं, मग कोंबडी पायांतून जाते. लोकांना एवढंच दिसतं की कोंबडी बसली. ती कशी बसली हे कुणी विचारत नाही, कारण लोकांना अंड्याशी मतलब. हे सांगताना आबेदाचा आवाज चढतो, आणि ऐकणाऱ्याला उगाच अपराधी वाटायला लागतं.

आता सात कोंबड्यांना पुरतील एवढी टरफलं पेठेत आणायची कुठून? तर हिंमतरावांच्या अंडाभुर्जीच्या गाडीवरून. पण श्रावण लागला की हिंमतराव गाडीवर ताडपत्री टाकून गावाला जातात, ते अनंत चतुर्दशी झाल्यावर उगवतात. आजूबाजूची निम्मी पेठ तेवढे दिवस अंड्याचं नाव काढत नाही. माणसांचा श्रावण माणसांनी पाळावा, कोंबड्यांनी काय घोडं मारलंय? म्हणून आबेदाचा वर्षानुवर्षांचा एक रिवाज आहे. श्रावणाच्या आदल्या दिवशी, गटारीला, हिंमतरावांच्या गाडीवर उभं राहायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचं पुणं डोकं धरून झोपलेलं असताना आबेदा पोतं घेऊन हजर. हिंमतराव कुरकुरतात, "चाची, वर्षभर शिव्या घालता, आणि गटारीला बरोबर येता." ती म्हणते, "शिव्या तुम्हाला घालते, टरफलांना नाही."

मग दोन दिवस घरात दुसरं काम नसतं. टरफलं धुवायची, तव्यावर खरपूस भाजायची. भाजली नाहीत आणि मोठे तुकडे तसेच घातले, तर कोंबडीला स्वतःचंच अंडं फोडून खायची चटक लागते, आणि एकदा लागलेली ती चटक सुटत नाही. भाजून झाल्यावर खलबत्त्यात जाडसर कुटायची, जाड रव्याएवढी. अगदी पीठ केलं तर पोटातून तसंच निघून जातं, असं तिची सासू सांगायची. हा भरडा वनस्पती तुपाच्या जुन्या डब्यात भरून पुढच्या ओट्यावरच्या फडताळात ठेवायचा. तेवढा नवरात्रापर्यंत पुरतो.

ओटा दोन घरांत एकच आहे. एक दार बागवानांचं, दुसरं मंदाकिनी शेटे यांचं. मंदाताई एकाहत्तरच्या, शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि कडक शाकाहारी. केकसुद्धा विचारून खाणाऱ्या. फडताळही दोघींचंच. वरच्या कप्प्यात मंदाताईंची रांगोळी, फुलवाती, खिळे-हातोडी. खालच्या कप्प्यात आबेदाचा डबा. चाळीस वर्षांत या फडताळाला कुलूप लागलेलं नाही.

आणि या वर्षी, श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात, डबा गेला.

आबेदाने फडताळ उपसलं. मंदाताईंचा रांगोळीचा डबा जागच्या जागी होता, तसाच तुपाचा, तसाच गंजका. उघडून बघितला, रांगोळीच होती. तिचा डबा मात्र नव्हता. तिने मंदाताईंना विचारलं.

"मी कशाला हात लावू तुझ्या त्या अंड्याच्या डब्याला?" मंदाताई म्हणाल्या. "आणि हात आहे कुठे लावायला?" त्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. नागपंचमीला ओट्याच्या एका पायरीवर जराशा घसरल्या, हात टेकला, तर मनगटच मोडलं. तेव्हापासून भावाची नात संस्कृती त्यांच्याकडे राहायला आली होती. कॉलेजातली मुलगी, कानात सदा इअरफोन. सकाळी उठून आत देवापुढे दोन बोटांची रांगोळी काढायची, कुकर लावायचा आणि मग दिवसभर लॅपटॉप.

मग आबेदाने रद्दीवाल्याला गाठलं. झाडूवाल्या सरुबाईला विचारलं. अल्ताफला शपथ घालून विचारलं. आणि शेवटी तिचा राग जिथे जाऊन थांबायचा तिथे थांबला, अफशीनवर.

अफशीन तिची सून. पदरात पाच महिन्यांचं बाळ. डबा जायच्या दोनच दिवस आधी ती म्हणाली होती, "अम्मी, त्या डब्याला वास येतो, बाळ ओट्यावर असतं." झालं. आबेदाला आणखी पुरावा लागला नाही.

"कुठे टाकलास?"

"मी हात पण लावला नाही, अम्मी."

"मग डब्याला पाय फुटले?"

अफशीनने बाळाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. आबेदा म्हणाली, पोराच्या डोक्याची शपथ घेणारी बाई खोटंच बोलत असते. ते वाक्य तोंडातून गेल्यावर जरा जास्त झालं हे तिलाही कळलं, पण गेलेला शब्द माघारी घ्यायची सवय मंडईत लागत नाही. त्या दिवसापासून सासू-सुनेचं बोलणं बंद. निरोप अल्ताफमार्फत. तो बिचारा दुकानातून यायचा आणि दोन खोल्यांमध्ये पोस्टमनची नोकरी करायचा.

आबेदा हातावर हात धरून बसली नव्हती. खाद्याच्या दुकानातून शिंपल्याचा चुरा आणला, त्यात निम्मी वाळू निघाली. दुकानदाराला तिने त्याच्याच दारात उभं राहून पुढची चार गिऱ्हाइकं परत जातील इतकं सुनावलं. घरातल्या चार-दोन अंड्यांची टरफलं कुटून घातली, ती सात चोचींत कुठल्या कुठे गेली. पावसाने ऊनही नव्हतं, आणि उन्हावाचून खाल्लेला चुना अंगी लागत नाही. पंधरा दिवसांत अंडी हातात घेतली की बोटाखाली दबायला लागली. मग एक दिवस कबरीने नुसत्या पापुद्र्यातलं अंडं घातलं.

कबरी म्हणजे सातांमधली सगळ्यात जुनी, ठिपक्याठिपक्यांची, आबेदासारखीच भांडकुदळ. मांजराला चोच मारून पळवणारी. ती आता कोपऱ्यात बसायला लागली. उठवली तर दोन पावलं टाकायची आणि पंख पसरून खाली बसायची. आबेदाने तिला हातात घेऊन बघितलं, तर छातीचं हाड बोटाला वाकडं लागलं. त्या दिवशी ती कुणावरच ओरडली नाही, आणि अल्ताफ घाबरला.

गौरी यायच्या दिवशी सकाळी कबरी कुथत होती. शेपूट खाली, डोळे मिटलेले, अंडं आत अडकलेलं. आबेदाने घमेल्यात कोमट पाणी घेऊन तिला त्यात बसवलं. या धांदलीत परसाचं दार उघडं राहिलं आणि बाकीच्या सहा कोंबड्या घरातून चालत पुढच्या ओट्यावर गेल्या. त्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

तेवढ्यात बाहेरून संस्कृती किंचाळली. "आत्याआजी! पावलं! कोंबड्यांनी गौरीची पावलं खाल्ली!"

आबेदा ओल्या कबरीला काखेत घेऊन बाहेर आली. ओट्याच्या पायरीपासून मंदाताईंच्या उंबऱ्यापर्यंत संस्कृतीने गौरीची पावलं काढली होती, एकाआड एक, मधोमध हळदीकुंकू. आणि सहा कोंबड्या ओळीने त्या पावलांवर तुटून पडल्या होत्या. बाजूला नैवेद्याच्या ताटातून सांडलेले तांदूळ होते, त्यांकडे त्या ढुंकूनही बघत नव्हत्या. हळदीकुंकू चोचीने उडवून लावत होत्या, आणि पांढरं तेवढं टिपत होत्या. संस्कृती ओढणीने हाकलत होती, त्या एक पाऊल सोडून पुढच्या पावलावर जात होत्या.

आबेदा वाकली. चिमूट उचलली. जिभेवर ठेवून दाताखाली चावली.

"हा माझा डबा आहे," ती म्हणाली.

मंदाताई दारात उभ्या होत्या. डाव्या हातात गौरीचा मुखवटा, उजवा गळ्यात बांधलेला. त्यांना कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी संस्कृतीकडे बघितलं.

"सेम डबा होता, आत्याआजी! तूच म्हणालीस फडताळात रांगोळीचा डबा आहे म्हणून. मी घेतला. पांढरी पावडर, सेम टेक्स्चर, मला काय माहीत?"

"कधीपासून?"

"आले तेव्हापासून."

म्हणजे चार आठवडे. पावसामुळे दारात नाही, आत देवघरापुढे. श्रावणी सोमवारी, शुक्रवारी, गणपती बसला त्या दिवशीसुद्धा. केक विचारून खाणाऱ्या मंदाताईंच्या देवापुढे रोज सकाळी अंड्याची टरफलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"आबेदा, अगं देवापुढे! माझ्या देवापुढे अंडी!"

"आणि माझ्या कोंबड्यांपुढे काय होतं? वाळू!" आबेदा कडाडली. "चार आठवडे या स्वतःची हाडं खातायत मंदाताई, तुमच्या रांगोळीपायी! तुमचा देव ओटा धुतला की मोकळा. ही बघा, हिचे पाय बघा!"

"देवाबद्दल बोलू नकोस."

"मी कोंबडीबद्दल बोलतेय! माझी कोंबडी मरतेय!"

गल्ली गोळा झाली. संस्कृती रडायला लागली. मंदाताईंनी मुखवटा छातीशी धरला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आबेदा ओट्यावर बसून राहिली. मांडीवरची कबरी चोच उघडी टाकून धापा टाकत होती.

अशा वेळी, जिच्याशी चार आठवडे सासू बोलली नव्हती, ती अफशीन बाळाला कडेवर घेऊन बाहेर आली. तिने मोबाइलवर पक्ष्यांच्या डॉक्टरांचा नंबर शोधून काढला होता. डॉक्टर वरद की कोणी, तरुण आवाज होता. तिने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"कोमट पाण्यात ठेवा, पोट दाबू नका," डॉक्टर म्हणाले. "कॅल्शियम ताबडतोब गेलं पाहिजे. आता टरफलांनी होणार नाही. माणसांची कॅल्शियमची गोळी असेल तर पाव गोळी कुटून पाण्यातून चोचीत सोडा, थोडी थोडी. संध्याकाळपर्यंत अंडं पडलं नाही, तर घेऊन या."

"घरात गोळी नाही," अफशीन म्हणाली. ती कुणाला उद्देशून म्हणाली, हे आबेदाने तेव्हा लक्षात घेतलं नाही.

शेजारचं दार उघडलं. मंदाताई बाहेर आल्या आणि गोळ्यांचं खोकं आबेदाच्या पुढ्यात टाकून म्हणाल्या, "घे. कोंबडीचा काही दोष नाही."

आबेदाने घाईघाईने खोकं उघडलं, एक गोळी फोडली, पाव भाग खलबत्त्यात कुटला. अफशीनने चोच धरली, आबेदाने चमच्याने थेंब थेंब सोडलं. पुन्हा कोमट पाणी, वर फडकं. मग वाट बघणं. ते बघता बघता तिची नजर खोक्याकडे गेली. आतली सगळी पाकिटं भरलेली. वरची चिठ्ठी दवाखान्याची, गेल्या दिवाळीची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत : रोज एक. आणि आज फुटली ती पहिली गोळी.

"मंदाताई, ह्या तुम्ही घेतल्याच नाहीत?"

मंदाताई गळ्यातली झोळी सारखी करायला लागल्या.

"दिवाळीपासून?"

"त्यात शिंपला असतो," मंदाताई खालच्या आवाजात म्हणाल्या. "खोक्यावर लिहिलंय. मला चालत नाही."

आबेदाने आयुष्यात पुष्कळ राग केले, पण गल्ली सांगते की तसा आवाज त्यांनी आधी ऐकला नव्हता. "चालत नाही? मग डॉक्टरला सांगायचं, बिनशिंपल्याची द्या! दगडातून काढलेली मिळते, मला ठाऊक आहे, मला चार बुकं शिकलेलीला! तुम्ही चाळीस वर्षं ऑफिसात कागद वाचलेत, आणि एक वाक्य बोलवलं नाही? पायरीवरून एवढंसं घसरलात आणि मनगट मोडलं, ते काय पायरीमुळे? हाडं पोकळ झाली म्हणून! ही सहा मुकी जनावरं बघा. त्यांना जे हवं होतं ते त्यांनी देवीच्या पायांखालून उचललं. कोंबडीला कळतं. कोंबडीला! उद्या खुब्याचं हाड मोडेल, मग कोण उचलणार? ही पोरगी लॅपटॉप टाकून उचलणार?"

मंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग ओट्यावर टेकल्या.

"झालं ओरडून? आता मी बोलते. रोज इथे बसून एका हाताने शेंगा सोलते, तेव्हा मला दिसतं. तुझी सून पाच महिन्यांचं पोर अंगावर पाजतेय. उठताना भिंत धरते. पायरी उतरताना गुडघा धरते. तुला सात कोंबड्यांचे पाय दिसले, आबेदा. तिला कधी विचारलंस, गोळी घेतेस का म्हणून? तिला विचारलंस ते एवढंच, डबा कुठे टाकलास."

आबेदाने अफशीनकडे बघितलं. तिला आठवलं. बाळ दोन महिन्यांचं असताना अफशीन म्हणाली होती, "अम्मी, दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या." आणि त्यावर आपण म्हणालो होतो, "मी दोन पोरं वाढवली, मला कुणी दिल्या गोळ्या?" त्यानंतर पोरीने तो विषय पुन्हा काढला नव्हता.

घमेल्यात कबरी हलली. मऊ, पापुद्र्यातलं, पिशवीसारखं अंडं पाण्यात तरंगलं. कबरीने मान टाकली, मग उचलली, आणि पहिल्यांदा डोळे नीट उघडले. संस्कृती आनंदाने ओरडली. आबेदाने फक्त फडकं सारखं केलं, चपला घातल्या आणि कुणाला काही न सांगता रस्त्याला लागली.

रस्त्यात मांडव, ढोल, गर्दी. ती कोपरांनी वाट काढत मेडिकलपर्यंत गेली. तिथल्या माणसाला तिने खोक्यावरचं अक्षर न् अक्षर वाचायला लावलं. अंगावर पाजणाऱ्या बाईला चालतात का, हे दोनदा विचारलं. तो म्हणाला, "आजी, मागे लाइन आहे." ती म्हणाली, "तिला थांबायला सांगा, मी तीन महिने उशिरा आलेय." परत आली तेव्हा मंदाताईंचा ओटा धुऊन झाला होता, आणि संस्कृती खऱ्या रांगोळीने पुन्हा पहिल्यापासून पावलं काढत होती. कोंबड्यांनी एकदा चोच मारून बघितली आणि निघून गेल्या.

आबेदाने एक खोकं मंदाताईंच्या मांडीवर ठेवलं. "शिंपला नाही. वाचून घ्या, आणि आज जेवल्यावर माझ्यासमोर." मंदाताईंनी वाचलं, चष्मा वर करून परत वाचलं, आणि मान हलवली.

मग ती घरात गेली. अफशीन बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. आबेदाने पाण्याचा पेला भरला, गोळी तिच्या हातावर ठेवली.

"डब्याचं मी खोटं बोलले तुझ्याबद्दल. पोराच्या शपथेचं बोलले तेही. मी चुकले. आता ही घे, रोज घे, नाहीतर बघ."

अफशीनने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, आणि पेला खाली ठेवता ठेवता हमसून रडायला लागली. बाळ दचकून तिच्याकडे बघत राहिलं. आबेदा समोर उभी होती. चिडायला सून नव्हती, शेजारीण नव्हती, ती इअरफोनवाली पोरगीही नव्हती. उरली होती ती एकटीच, आणि आबेदा बागवानचा स्वतःवरचा तो राग अजून उतरलेला नाही.